विश्लेषण : महाग बाण म्हणजे टिकाऊ बाण? शाफ्ट आणि टोक निवडताना नेमके काय पाहावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. अदिती तेव्हा अवघ्या १७ वर्षांची होती, तर ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकारालाही स्थान मिळाले आहे. असे यश पाहून मुलांना मैदानावर आणणाऱ्या पालकांपुढे लगेच साहित्याचा प्रश्न उभा राहतो. धनुष्याची चौकशी दहा ठिकाणी होते. बाण मात्र ‘सोबत डझनभर द्या’ एवढ्यावर आटोपतात.

मोबाइलवर ‘टिकाऊ बाण’ शोधले, तर समोर येणारे बरेचसे सल्ले अमेरिकेतील धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठीचे असतात. त्यांची गरज वेगळी, साताऱ्या-नागपुरात सराव करणाऱ्या मुलांची वेगळी. हा फरक न ओळखता बाण घेतले, तर पैसे वाया जातातच. शिवाय तडा गेलेला बाण सुटताना हातात घुसू शकतो. म्हणूनच बाण घेताना आधी जुळणी पाहावी, मग टोकाजवळचा जोड, आणि किंमत सर्वात शेवटी.

बाणावर नेमका ताण किती येतो?

बाण पाहायला साधी नळी. मागे दोरीत अडकणारा नॉक, त्याच्या पुढे पिसे, मग शाफ्ट आणि पुढे धातूचे टोक म्हणजे पॉइंट. अनेक बाणांत पॉइंट आणि शाफ्ट यांच्यामध्ये इन्सर्ट नावाचा धातूचा लहान तुकडा असतो. पॉइंट त्यात आट्यांनी बसतो.

आता थोडे गणित. समजा, २० ग्रॅमचा बाण कंपाउंड धनुष्यातून सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला. त्याची गतिज ऊर्जा होते सुमारे ७२ ज्यूल. सरावाच्या फोममध्ये तो २५ सेंटिमीटर शिरून थांबला, तर त्याच्यावर सरासरी २९० न्यूटन, म्हणजे साधारण २९ किलो वजनाइतका जोर येतो. पण तोच बाण चुकून लाकडी चौकटीवर किंवा दगडावर आदळला आणि १ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हा जोर २५ पट होतो. म्हणजे ७०० किलोंहून अधिक वजनाइतका!

हा जोर सर्वप्रथम झेलते ते टोक. टोकाकडून तो शाफ्टच्या कडेवर येतो. त्यामुळे बाण अधेमधे तुटण्यापेक्षा पुढच्या एक-दोन इंचांत फाटणे, टोक आत दबणे किंवा इन्सर्ट वाकडा होणे हे प्रकार नेहमीचे. खरेदीच्या वेळी मात्र सगळे लक्ष शाफ्टवरच्या नावाकडे आणि रंगाकडे असते.

‘स्पाइन’ हा आकडा इतका महत्त्वाचा का?

शाफ्टवर ३४०, ५००, ७०० असे आकडे छापलेले असतात. हा आकडा म्हणजे स्पाइन, बाणाच्या ताठपणाचे माप. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगायचे. तो अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाकला, तर त्याचा स्पाइन ५००. आकडा जितका लहान, तितका शाफ्ट ताठ. नवशिके इथेच गोंधळतात. मोठा आकडा म्हणजे मजबूत बाण, असा समज करून घेतात.

बाण सुटताना सरळ राहत नाही. मागून दोरीचा रेटा येतो, पुढे जड टोक जागचे हलायला वेळ घेते. मधला शाफ्ट त्यामुळे वाकतो आणि लहरत पुढे जातो. वरच्या उदाहरणातला बाण साधारण ५० सेंटिमीटर अंतरात पूर्ण वेग घेतो असे धरले, तर त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पटींहून जास्त भरतो. अशा वेळी ८ ग्रॅमचे टोक शाफ्टला सुमारे ६ किलोंचे भासते!

शाफ्ट आणि टोक एकत्रच निवडायचे, ते याचसाठी. टोक जड केले की तोच शाफ्ट सुटताना जास्त वाकतो, म्हणजे नरम वागतो. शाफ्ट लांब ठेवला तरी तेच. धनुष्याची ओढ वाढवली तरी तेच. उत्पादकांच्या तक्त्यात ओढ, बाणाची लांबी आणि टोकाचे वजन या तीन गोष्टी पाहून स्पाइन ठरतो. यातली एक बदलली की तक्ता पुन्हा पाहावा लागतो. धनुष्यासाठी फार नरम शाफ्ट वापरला, तर तो प्रत्येक वेळी मर्यादेपलीकडे वाकतो आणि सुटतानाच फुटण्याचा धोका राहतो. फार ताठ शाफ्ट सहसा फुटत नाही, पण एका बाजूला जात राहतो. मुलाला वाटते, आपला नेम चुकतोय. खरे तर चुकलेला असतो तो आकडा.

लाकूड, ॲल्युमिनियम की कार्बन?

लाकडी बाण आजही कालबाह्य झालेले नाहीत. आपल्याकडे इंडियन राउंड प्रकारात लाकूड-बांबूच्या धनुष्यबाणांवरच मुले पहिले धडे गिरवतात. लाकडी शाफ्टमध्ये रेषा पाहाव्यात. त्या टोकापासून नॉकपर्यंत सरळ जात असतील तर बाण टिकतो. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर बाण बहुधा तिथेच मोडतो.

ॲल्युमिनियमचा शाफ्ट एकसारखा असतो आणि त्याची मापे नळीवरच लिहिलेली असतात. २११७ असा आकडा असेल, तर पहिले दोन अंक बाहेरचा व्यास सांगतात, २१/६४ इंच. पुढचे दोन अंक सांगतात नळीची जाडी, इंचाचे १७ हजारांश, म्हणजे ०.४३ मिलिमीटर. ॲल्युमिनियम वाकते. हा त्याचा दोष, आणि नवशिक्यासाठी हाच गुण. बिघडलेला बाण टेबलावर फिरवला की लगेच कळतो.

कार्बनचा शाफ्ट हलका आणि ताठ. तो वाकून राहत नाही. एक तर सरळ, नाहीतर फुटलेला. कार्बनचे तंतू लांबीच्या दिशेने अतिशय बळकट असतात, पण बाजूने बसलेल्या ठोक्यापुढे नळी कमजोर पडते. सुरुवातीच्या काळात सगळे तंतू लांबीच्या दिशेनेच असलेले शाफ्ट उभे चिरत. आता चांगल्या शाफ्टमध्ये आडवे गुंडाळलेले थरही असतात. तरीही दुसऱ्या बाणाचा धक्का बसल्यावर आत सूक्ष्म तडा जाऊ शकतो आणि वरून काहीच दिसत नाही.

चौथा प्रकार मिश्र शाफ्टचा. आत ॲल्युमिनियमची पातळ नळी, वरून कार्बन. ऑलिंपिकच्या मैदानावर वर्षानुवर्षे दिसणारा इस्टन कंपनीचा एक्स१० हा असाच. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी तो आला. मधे किंचित जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता असा हा बारीक शाफ्ट ७० मीटरवर वाऱ्याने कमी ढळावा म्हणून बनवला आहे. पण १८ किंवा ३० मीटरवर शिकणाऱ्या मुलाला त्याचा हा फायदा जवळपास मिळतच नाही. बाण एकमेकांना घासणे, चुकून जमिनीत जाणे मात्र रोजचे. शर्यतीच्या गाडीने रोज भाजी आणायला जाण्यासारखे ते होते.

म्हणून पहिल्या वर्षासाठी ॲल्युमिनियम किंवा जाड भिंतीचा साधा कार्बन शाफ्ट हीच शहाणपणाची निवड. सरळपणाचे ±०.००१ आणि ±०.००६ इंच असे दर्जे पाहून त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचीही घाई नको. ०.००६ इंच म्हणजे ०.१५ मिलिमीटर. नवशिक्याच्या हाताची थरथर याहून कितीतरी मोठी असते. त्यापेक्षा डझनातले सगळे बाण एकाच स्पाइनचे आणि जवळपास एकाच वजनाचे आहेत ना, हे पाहणे अधिक मोलाचे.

टोक आणि इन्सर्टमध्ये पाहायचे काय?

पहिली गोष्ट, व्यास. टोक शाफ्टपेक्षा बारीक असेल, तर शाफ्टची उघडी कड थेट मार खाते. टोक शाफ्टपेक्षा जाड असेल, तर बाण ओढून काढताना त्याचा खांदा फोममध्ये अडकतो आणि टोक आतच राहते. ते राहिलेले टोक पुढच्या बाणासाठी दगडच! म्हणून टोक आणि शाफ्ट यांच्या सांध्यावरून नख फिरवावे. ते कुठे अडखळता कामा नये.

दुसरी गोष्ट, धातू. सरावाची टोके बहुधा पोलादी असतात. काही इन्सर्ट ॲल्युमिनियमचे, काही पोलादी, तर काही पितळेचे असतात. ॲल्युमिनियमचा इन्सर्ट हलका, पण कठीण वस्तूवर आपटला की वाकू शकतो. पोलाद आणि पितळ जड, म्हणून बाणाचे वजन पुढे सरकते. टंगस्टनची टोके आकाराने लहान आणि वजनाने जड असतात. वाऱ्यात दूरवर खेळणाऱ्यांना ती उपयोगी पडतात. शाळकरी मुलाला त्यांची गरज नाही.

तिसरी गोष्ट, कापलेली कड. शाफ्ट कापल्यावर त्याचे तोंड अगदी काटकोनात हवे. ते जराही तिरपे असेल, तर टोकाचा सगळा भार कडेच्या एकाच बाजूवर येतो आणि तिथून चिरण्याची सुरुवात होते. कार्बनचा शाफ्ट घरी करवतीच्या पात्याने कापणे ही तर दुहेरी चूक. तंतू उसवतात आणि बारीक धूळ नाकात जाते. हे काम वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या कटरवर, तोंडाला मास्क लावूनच व्हावे.

चौथी गोष्ट, गोंद. उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवलेले टोक पुन्हा काढता येते. इपॉक्सीने बसवलेले जवळपास कायमचे. मुलांच्या बाणांची लांबी आणि टोकाचे वजन बदलत राहते, म्हणून त्यांच्यासाठी पहिला पर्याय सोयीचा. मात्र गरम करायचे ते टोक, शाफ्ट नव्हे. कार्बनच्या तंतूंना धरून ठेवणारे राळेसारखे रसायन जास्त उष्णतेने निकामी होते. लायटर थेट शाफ्टखाली धरणाऱ्याचे टोक कदाचित घट्ट बसेल, पण त्यामागचा इंच पोकळ झालेला असेल. गोंद लावण्याआधी नळी आतून स्वच्छ आणि कोरडी करणे हे बिनखर्चाचे काम आहे, आणि नेमके तेच टाळले जाते.

शिकारीचा बाण वेगळा कशासाठी?

अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक हंगामात, परवाना घेऊन धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. तिथल्या शिकाऱ्याला एका दिवसात कदाचित एकच बाण सोडायचा असतो. पण तो कातडी, स्नायू आणि प्रसंगी हाड भेदून गेला पाहिजे. नाहीतर प्राणी जखमी होऊन पळतो आणि तडफडून मरतो. म्हणून तिथे टोकाच्या जागी पात्यांचे ब्रॉडहेड लावतात. काहींची पाती स्थिर असतात, काहींची लागल्यावर उघडतात. उघडणाऱ्या पात्यांमध्ये हलणारे भाग जास्त. हाडावर काही बिघडण्याची शक्यताही त्यामुळे जास्त. अनेक राज्यांत ब्रॉडहेडची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर ठरवलेली आहे.

शिकारीच्या बाणांवर वर्षानुवर्षे प्रयोग करणारे डॉ. एड ॲशबी यांनी बाण खोल शिरण्यासाठी आवश्यक गोष्टींची क्रमवारी लावली. वेग किंवा वजन त्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवले नाही. पहिला मान दिला बाणाच्या अखंडतेला, म्हणजे टोक, इन्सर्ट आणि शाफ्ट यांपैकी काहीही न मोडण्याला. हा निष्कर्ष शिकारीच्या संदर्भातला असला, तरी सराव करणाऱ्यालाही लागू पडतो. साखळीची ताकद तिच्या सर्वात कच्च्या कडीइतकीच.

याच बाजारात एक विरोधाभासही दिसतो. शाफ्ट बारीक करण्याच्या स्पर्धेत आतला व्यास सुमारे ४ मिलिमीटरवर आला. एवढ्या नळीत नेहमीच्या आट्यांचा इन्सर्ट मावत नाही. मग तो अर्धा बाहेर ठेवावा लागतो किंवा शाफ्टवरून टोपीसारखा बसवावा लागतो. अर्धा बाहेर राहिलेला तुकडा तरफेसारखा वागतो आणि तिरप्या माऱ्यात वाकतो. मग त्याला सावरायला शाफ्टवर धातूचे कडे चढवायचे! आधी अडचण विकत घ्यायची, नंतर तिच्यावरचा उपाय.

भारतातील वाचकांसाठी यात एक गोष्ट निर्विवाद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि याच कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचाही उल्लेख आहे. त्यामुळे ब्रॉडहेड इथे कुणाच्याही सरावाच्या भात्यात असण्याचे कारण नाही. ते फोमच्या चिंध्या करते, काढताना बोटे कापते आणि मैदानावर त्याचा उपयोग शून्य.

मग सरावाच्या बाणाची खरी परीक्षा कोणती?

शिकाऱ्याच्या बाणाला एका मोठ्या आघाताला पुरून उरायचे असते. सरावाच्या बाणाला शेकडो लहान आघात सोसायचे असतात. तो दिवसाला कित्येक वेळा सुटतो आणि तितक्याच वेळा ओढून काढला जातो. प्रत्येक वेळी फोमच्या घर्षणाने तापतो, शेजारच्या बाणांना घासतो. म्हणून त्याच्या टिकाऊपणाचे मोजमापही वेगळे हवे.

समजा, एका प्रकारचे डझनभर बाण ६ हजार रुपयांना मिळाले आणि सहा महिन्यांत सगळे बाद झाले. दुसऱ्या प्रकारचे डझन ९ हजारांचे, पण दीड वर्ष चालले. पहिल्याचा खर्च महिन्याला हजार रुपये, दुसऱ्याचा पाचशे. हा हिशेब उलटाही होऊ शकतो. १५ हजारांचे बारीक बाण नवशिक्याच्या हाती सहा महिन्यांत संपले, तर महिन्याला अडीच हजार. डझनाची किंमत एकटी काहीच सांगत नाही. बाण किती काळ सुरक्षित चालतील, हे विचारले तरच किंमत कळते.

टिकाऊपणा वाढवणाऱ्या काही सवयी तर फुकट आहेत. एकाच लक्ष्यावर सगळे बाण न मारता तीन-चार ठिपक्यांवर विभागून मारावेत. नेम सुधारत गेला की बाण बाणावर आदळण्याचे प्रमाण वाढते. मागून आलेला बाण पुढच्या बाणाच्या नळीत घुसला, तर दोन्ही गेले. नॉकखाली धातूची पिन असलेल्या बाणात असा आघात बाजूला वळतो आणि बऱ्याचदा फक्त नॉकवर निभावते. बाण काढताना एक हात लक्ष्यावर टेकवून, दुसऱ्या हाताने लक्ष्यालगत धरून, सरळ रेषेत ओढावा. दूर धरून हिसका दिला की टोकाजवळचा जोड सैल होतो. आणि ओढणाऱ्याच्या मागे कुणीही उभे नको. नॉकचा मार डोळ्याला बसू शकतो.

हलका बाण, जास्त वेग : हा सौदा कुठे फसतो?

बाणाचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. कंपाउंड धनुष्याच्या बाबतीत सर्वसाधारण दंडक असा, की ओढीच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान ५ ग्रेन हवे. स्पर्धेत कंपाउंडची ओढ ६० पौंडांहून अधिक चालत नाही. तेवढ्या ओढीला बाण किमान ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमचा हवा.

त्याहून हलका बाण वेगाने जातो खरा, पण धनुष्यातली सगळी ऊर्जा तो सोबत नेत नाही. उरलेली ऊर्जा धनुष्याच्या फांद्या, दोरी आणि चाके झेलतात. रिकामी दोरी सोडण्याच्या दिशेनेच हा प्रवास आहे. बाणात वाचवलेले ग्रॅम धनुष्याच्या दुरुस्तीत भरावे लागतात. शिवाय हलका शाफ्ट म्हणजे बहुधा पातळ भिंत, आणि पातळ भिंत म्हणजे टोकाजवळचा कच्चा जोड.

वजन किती, याबरोबर ते कुठे आहे, हेही पाहावे. बाण बोटावर तोलून धरायचा. समजा २८ इंचांचा बाण नॉकपासून साडेसतरा इंचांवर तोलला. मध्य १४ वर, म्हणजे तोल साडेतीन इंच पुढे. साडेतीनला २८ ने भागले की साडेबारा टक्के. शिकारीच्या बाणांसाठी साधारण १० ते १५ टक्के सुचवले जातात. तोल फार मागे असेल तर बाण हवेत डगमगतो. फार पुढे नेण्यासाठी टोक वाढवत राहिले, तर तोच शाफ्ट नरम पडतो आणि स्पाइनचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

बाण बाद झाला, हे कसे ओळखायचे?

कार्बन बाणासाठी : 
• दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, हलका वाकवावा. थोडे फिरवून पुन्हा वाकवावा. करकर आवाज आला किंवा बोटांना खरखर जाणवली, तर बाण बाद. 
• दोन्ही टोके उलट दिशांना हलकेच पिळावीत. चीर असेल तर ती उघडते. 
• कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवावा. तंतू अडकला, तर तिथे तो उसवलेला आहे.

ॲल्युमिनियम बाणासाठी : 
• टेबलाच्या कडेवर किंवा नखांवर फिरवावा. टोक गोल फिरताना दिसले, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा टोक तिरपे बसले आहे. 
• खोलगट खूण पडलेला शाफ्ट सरळ करत बसू नये. त्या जागी तो कमजोर झालेलाच असतो.

दोन्हींसाठी : नॉकला तडा आहे का, हे प्रत्येक फेरीनंतर पाहावे. सुटताना नॉक फुटला, तर दोरी जवळपास रिकामीच सुटल्यासारखी होते.

बाद झालेला बाण तिथेच मोडून टाकावा. ‘जवळच्या अंतराला चालेल’ म्हणून पेटीत परत ठेवलेला बाण एक दिवस दुसऱ्याच मुलाच्या हाती लागतो. जवळच्या लक्ष्यावर मारतानाही धनुष्याचा जोर तेवढाच असतो. फुटलेल्या कार्बनच्या काड्या सुईसारख्या तीक्ष्ण असतात आणि धनुष्य धरलेला हात त्यांच्या वाटेतच असतो. अमेरिकेतील शिकाऱ्यांनाही उत्पादक बजावतात, की बाण प्राण्याच्या शरीरात फुटला असेल, तर जखमेच्या आसपासचे मांस खाऊ नका.

खरेदीपूर्वी दुकानदाराला काय विचारावे?

• माझ्या धनुष्याची ओढ, माझी ओढण्याची लांबी आणि या टोकाचे वजन धरून तक्त्यात कोणता स्पाइन येतो? 
• तयार बाणाचे एकूण वजन किती ग्रेन? 
• टोक आणि इन्सर्ट कोणत्या धातूचे? सुटे मिळतात का? 
• दोन बाण मोडले, तर त्याच स्पाइनचे दोनच मिळतील, की पुन्हा पूर्ण डझन घ्यावे लागेल? 
• वाढत्या वयाच्या मुलासाठी बाण किती लांब ठेवायचा?

शेवटचा प्रश्न पालकांनी विसरू नये. पूर्ण ओढल्यावर बाणाचे टोक धनुष्याच्या आधाराच्या किमान इंचभर पुढे राहिले पाहिजे. वाढत्या मुलासाठी त्याहूनही थोडे जास्त. बाण आखूड पडला, तर तो आधारावरून मागे घसरतो आणि सुटताना थेट हातावर येतो. लांब बाण पुढे कापता येतो. आखूड बाण वाढवता येत नाही.

जबाबदारी फक्त पालकांची का?

नाही. प्रशिक्षण केंद्रांनी सरावाआधीच्या व्यायामाइतकेच बाण तपासण्याला महत्त्व द्यायला हवे. पाच मिनिटांचे काम आहे. स्पर्धेच्या नियमांनुसार प्रत्येक बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे लिहावी लागतात. त्यासोबत क्रमांक लिहिला, तर कोणता बाण वारंवार भरकटतो, कोणता आदळला होता, याची नोंद आपोआप राहते. नेहमी बाहेर जाणारा सात नंबरचा बाण वेगळा काढला, तर मुलाचा आत्मविश्वासही वाचतो.

शाळा आणि संस्थांनी सामायिक साहित्य घेताना केवळ डझनाचा दर मागू नये. स्पाइन, वजन, टोकाचा धातू आणि सुटे भाग या चार ओळी मागणीपत्रात लिहायला खर्च येत नाही. सगळ्यांसाठी एकाच स्पाइनचे बाण घेतले, तर २० पौंडांचे धनुष्य ओढणाऱ्या मुलीला ते काठीसारखे ताठ ठरतात आणि ४० पौंडांचे ओढणाऱ्या मुलाला धोकादायक नरम. दोघांच्याही हाती चुकीचाच बाण. विक्रेत्यांनीही वेगाची जाहिरात मोठ्या अक्षरांत करताना किमान वजनाची सूचना तितक्याच ठळकपणे द्यावी.

तिरंदाजी स्वस्त खेळ नाही. अनेक घरांत मुलाच्या धनुष्यासाठी इतर खर्च मागे सारले जातात. अशा घराला ‘सर्वात भारी बाण घ्या’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘कोणतेही चालतील’ म्हणणेही. त्यांना हवा असतो धनुष्याला जुळणारा, टोकाशी घट्ट असलेला आणि बिघडला तर लगेच कळणारा बाण. तसे सहा बाण असले, तरी सरावाच्या एका फेरीला पुरतात.